पानातलं मीठ

चैत्र सरत आला की मला घरात बसवत नाही. आमच्या लाटंबार्शाच्या डोंगरावर काजूची बोंडं कुजू लागतात, त्यांचा आंबूस वास दुपारच्या वाऱ्याबरोबर थेट स्वयंपाकघरात येतो. फणस पिकून आपल्या आपण फुटतात. शेजारणी पुरुमेंताच्या मागे लागतात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुकी मासळी, कोकमाची सोलं, मिरच्या, खारातले आंबे, जाडं मीठ. आता दाराशी दुकान आहे, भर पावसातही सगळं मिळतं, कुणाला काही भरून ठेवायची गरज उरलेली नाही. तरी मी आपली या खोलीतून त्या खोलीत फिरते, रिकाम्या बरण्या उन्हात ठेवते, आत आणते, पुन्हा बाहेर ठेवते. काहीतरी करायचं राहिलंय असं सारखं वाटत राहतं.

आज सकाळी या बेचैनीला आयतं निमित्त मिळालं. आमच्या ह्यांच्या शब्दकोशांमागे शेवेचं पाकीट सापडलं. अर्धं संपलेलं, वर रबर लावून नीट ठेवलेलं. शिमग्याच्या सुमाराला डॉक्टरांनी ह्यांना मीठ तोडायला सांगितलंय. रक्तदाब असा की डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा दुसऱ्या दंडाला बांधून पुन्हा बघितला. घरी आल्यापासून मी रोज सांगतेय, आणि हे रोज मान हलवताहेत. आज मात्र मी सुटलेच. पाकीट हातात धरून काय काय बोलले ते मला आता आठवायचंही नाही. हे खुर्चीत बसून ऐकत होते. उभा जन्म मराठी शाळेत मुलांना बोलण्यात गेला, पण स्वतः ऐकून घ्यायची पाळी आली की असा गरीब चेहरा करतात की बोलणाऱ्यालाच पाप लागावं. माझं संपल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि बाजाराच्या दिशेनं निघून गेले. टोपीसुद्धा घेतली नाही.

मग मीही पिशवी उचलली आणि बस धरली. डिचोलीला एक बदलली, म्हापशाला दुसरी. कुठे, तर माहेरच्या वाटेला, पेडण्यात. कशाला, तर मीठ आणायला. ज्या घरात मिठावरून सकाळी रामायण झालं त्या घरासाठी. हसा तुम्ही. पण मे महिन्यापूर्वी जाडं मीठ घरात आलं नाही तर पाऊस येईल असं मला वाटतच नाही.

माझं माहेर मांद्र्याच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. रस्ता उतरला की डाव्या हाताला मिठागरं दिसतात. दिसायची, म्हणायला हवं. आता थोडीच उरली आहेत, बाकीच्या वाफ्यांत गवत माजलंय, पलीकडे पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रंगीत भिंती दिसतात. पण रस्त्याच्या कडेला मिठाचे ढीग अजून लागतात, वरून नारळाच्या झावळ्या टाकलेले. बसमधून उतरले, आणि तो वास आला. चिखल, खारं पाणी, तापलेले बांध. वय साठीच्या पुढे गेलं तरी त्या वासानं मी अजून आबांची बाय होते.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मीठ पिकवलं त्यांनी. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत फिरवत आटवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात भर दुपारी दुधावर धरते तशी मिठाची साय धरली की लांब दांड्याच्या फळीनं ओढून बांधावर घ्यायचं. मिठाला ऊन लागतं तितकाच वारा लागतो. आणि सगळ्यात मोठं भय वळवाच्या पावसाचं. एक सर आली तर बांधावरचं मीठ विरघळून पुन्हा खाडीला मिळायचं. म्हणून त्या दिवसांत आमच्या घरी कुणीच सुखानं जेवायचं नाही. घास तोंडात आणि नजर आभाळात. मला वाटतं माझ्या पायांतली ही शिवशिव तिथलीच आहे.

गावात आबांना एक मान होता. मिठाचं आगर बंद व्हायच्या आधी, पाऊस तोंडावर आलेला असताना, देवळात गाऱ्हाणं व्हायचं आणि सगळ्या गावाची समाराधना. मोठमोठी तांब्याची भाणं चुलींवर चढायची. पण रांधप देवाचं. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चाखायचं नाही, वास घेऊन बघायचं नाही, पळी चाटायची तर गोष्टच नको. मग मीठ किती घालायचं? ते आबा घालायचे. भाणात डोकावायचे, वाफ तोंडावर घ्यायचे, आणि मुठीनं मीठ सोडायचे. चाखल्याशिवाय. आणि पंगतीत कुणी 'जरा मीठ आणा रे' म्हणून हाक मारली असं माझ्या आठवणीत कधी झालं नाही. पानावर डावीकडे पहिली चिमूट मिठाची वाढायची रीत, ती वाढली जायचीच, पण ती नावाला. आबा त्या दिवशी धुतलेला पंचा खांद्यावर टाकून पंगतीच्या कडेनं फिरायचे आणि कुणी पानातल्या चिमटीला बोट लावलंय का ते हळूच बघायचे. एरवी फारसं न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी चालसुद्धा वेगळी असायची.

गोवा राज्य झालं त्या वर्षीचा उन्हाळा मात्र भलताच गेला. शिमग्याच्या दिवसांत वाफ्यात उभ्या उभ्या आबांच्या हातातला फळीचा दांडा गळून पडला. शेजारच्या वाफ्यात बाबलकाका होते, आबांचे लहानपणापासूनचे सोबती. आबा त्यांना काही सांगायला गेले तर शब्द वाकडे यायला लागले. संध्याकाळपर्यंत तोंड सरळ झालं, बोलणं सरळ झालं, आणि आबा म्हणाले, "उन्हान झालां." म्हापशाच्या डॉक्टरांनी ऊन मानलं नाही. "हा इशारा आहे," ते म्हणाले, "पुढचा येईल तो इशारा नसेल." मीठ बंद. सुकी मासळी बंद, खारातला आंबा बंद, पापड, लोणचं बंद. जन्मभर मीठ पिकवलेल्या माणसाला मीठ बंद.

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. आईचा निरोप आला आणि शाळेला सुट्टी लागताच आम्ही दोघं माहेरी येऊन राहिलो. आई घरातली अशी, की बोलायला तोंड उघडायचंच तर कामापुरतं. आणि आमचे हे अगदी उलट. ते दिवस मराठी की कोंकणी या वादाचे. राजभाषेचा कायदा होऊन गेला होता, पण चहाच्या दुकानांत वाद मिटला नव्हता. हे मराठी शाळेतले मास्तर, सभांतून बोललेले, आवाज तापलेला. बाबलकाका कोंकणीच्या बाजूचे. "आमी उलयतांव ती कोंकणी," ते म्हणायचे, आपण बोलतो तीच कोंकणी. हे म्हणायचे, "काका, तुम्ही आरती कुठल्या भाषेत म्हणता?" आणि मग दोघं हातवारे करत घराचा पुढचा सोपा डोक्यावर घ्यायचे. आबांना विचारलं, तुम्ही सांगा आबा, तर आबा आत बघून म्हणायचे, "पेज झाली काय गे?"

तोच सभेतला आवाज ह्यांनी मिठाला लावला. सकाळी आबांच्या समोर पाट ओढून बसायचे आणि सुरू करायचे. रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंड. शाळेतल्या तक्त्यावरची चित्रं कागदावर काढून दाखवायचे. त्यांचा हेतू चांगला होता, यात काही शंका नाही. त्यांना आबा फार आवडायचे. पण आबा ऐकता ऐकता अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहायचे. शेवटी म्हणायचे, "मास्तर, तुमचां बरोबर." आणि आगराकडे निघून जायचे.

आणि आगरात कोण बघणार? तिथे तर डोंगर मिठाचे. बाबलकाकांनी एकदा सांगितलं, आबा चालता चालता वाकतात, एक खडा उचलतात आणि जिभेखाली धरतात. दुसऱ्याच दिवशी गावभर झालं. मग सगळं गाव आबांचं मास्तर झालं. पोदेर दारावर पाव घेऊन यायचा तो सायकलवरूनच ओरडायचा, "आबा, पावांतय मीठ आसता हां!" चहाच्या दुकानात भज्यांची बशी आबांच्या पुढून उचलून दुसऱ्याच्या पुढे ठेवायचे. देवळात भटजी, वाटेत पोस्टमन, विहिरीवर बायका. जो तो एक वाक्य बोलून पुढे जायचा आणि आपण पुण्य केलं असं समजायचा. थोड्याच दिवसांत आबांनी दुकानात जाणं सोडलं, मग देवळात. तिन्हीसांजा सोप्यावर बसून राहायचे. पाय हलवत. मी विचारलं, "आबा, बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "बरां वाटता. पण खंय जाऊ?"

मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. सरळ सांगते, आबा मरतील असं वाटायचं. ते झोपले की मी दारात उभी राहून छाती वरखाली होतेय का बघायची. सकाळी त्यांच्या पेजेच्या वाडग्यात मीठ नाही ना, हे बोट बुडवून बघायची. आईवर चिडायची, कारण आई काहीच बोलत नव्हती. उलट तिनं दर वर्षीसारखीच खारातल्या आंब्यांची बरणी भरली, मिठाचे थर देऊन, वर दगड ठेवून. मी म्हटलं, "कुणासाठी गं हे?" ती म्हणाली, "पावसाळो येतलो मां?" आणि बरणीचं तोंड फडक्यानं बांधत राहिली.

समाराधना जवळ आली तेव्हा देवळात बैठक झाली. सोयरे म्हणून ह्यांनाही बोलावलं होतं. तिथे हे उभे राहिले आणि म्हणाले, आबांची प्रकृती लक्षात घेता यंदा मिठाची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. गावानं मान डोलावली. कुणाच्याच मनात वाकडं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आपण म्हाताऱ्याची काळजी घेतोय. मान बाबलकाकांना द्यायचं ठरलं. हे घरी आले ते चेहऱ्यावर समाधान घेऊन. आईला सांगितलं, आणि माझ्या आईला मी त्या दिवशी पहिल्यांदा जावयाशी असं बोलताना ऐकलं.

"हातान मीठ घातल्यार प्रेशर चडता, मास्तर?" ती म्हणाली.

खरंच की. त्या भाणातलं कुणी चाखायचंच नसतं. आबांच्या जिभेचा त्या मिठाशी काही संबंधच नव्हता, होता तो फक्त हाताचा. इतकी साधी गोष्ट, पण काळजीच्या भरात एकाच्याही डोक्यात आली नाही.

आबांनी ऐकलं ते आतल्या खोलीतून. दुसऱ्या दिवशी सकाळी आगरात गेले नाहीत. उतरंडीतून सुका बांगडा काढला, आपल्या हातानं निखाऱ्यावर भाजला, आईनं भरलेल्या बरणीतला आंबा घेतला आणि सोप्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असे बसले. पेजेचा वाडगा समोर. वर चिमटीनं मीठ. भाजल्या बांगड्याचा वास सगळ्या वाड्यावर गेला असेल. हे धावत पुढे झाले, "आबा, अहो आबा, तुम्ही स्वतःचा जीव..." तोच आई मागून म्हणाली, "मास्तर, बांयचां पाणी काढता काय जरा? माझी कंबर दुखता." हे घुटमळले. मग कळशी घेऊन विहिरीवर गेले.

आई आत गेली, स्वतःचा पेजेचा वाडगा घेऊन आली आणि आबांच्या शेजारी खाली बसली. एरवी ती सगळ्यांचं झाल्यावर मागच्या दारात बसून एकटीच जेवायची. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आबा खात होते, घाईघाईनं, कुणाचं तरी उट्टं काढावं तसे. त्यांचा वाडगा संपला. आईनं न बोलता आपला त्यांच्या पुढे सरकवला. त्यांनी एक घोट घेतला आणि थांबले.

"ह्यात मीठ नाय," आबा म्हणाले.

"घालूक विसारलंय."

"कालच्यात?"

"कालय विसारलंय."

आबा तिच्याकडे बघत राहिले. "शिमग्यापासून विसारतंस?"

आईनं बांगड्याचा काटा उचलून मांजरीला टाकला. हे कळशी घेऊन पायरीवर आले होते, ते तिथेच उभे राहिले, कळशीतलं पाणी धोतरावर सांडत. आम्ही महिनाभर त्या घरात रोज वाद घालत होतो, आणि तिच्या वाडग्यात एकदाही बोट बुडवून बघायचं माझ्या मनात आलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं. आबांनी तिचा तो वाडगा शेवटपर्यंत प्यायला, सावकाश.

त्यानंतर घरात मिठाचं नाव निघालं नाही. आबांनी बरणी उचलून माळ्यावर ठेवली, आपण होऊन. ह्यांची चित्रं कुठे गेली कोण जाणे, बहुतेक चुलीत. दिवस मात्र तसेच, आभाळाकडे बघण्याचे. दुपारी ढग यायचे, गुरगुरायचे, जायचे. आबा आणि आई दोघं मागच्या दारात बसून पेज प्यायची, शेजारी शेजारी, आणि मी मुद्दाम तिकडे जायची नाही. कसली तरी नवीन लाज वाटायची मला, नवऱ्याबायकोच्या खोलीत डोकावल्यासारखी.

समाराधनेच्या सकाळी बाबलकाका दारात उभे. कपाळाला गंध, चेहरा पडलेला.

"रे, माझो हात थरथरता," ते आबांना म्हणाले, "माका जमचां नाय. चल."

बाबलकाकांचा हात कसला थरथरतोय. आदल्या दिवशीच माडावर चढून त्यांनी झावळ्या तोडल्या होत्या. आबांनाही ते ठाऊक होतं. ते जरा वेळ नखं बघत बसले आणि मग आईला म्हणाले, "पंचो खंय असा?" पंचा तिनं धुऊन घडी घालून ठेवलेलाच होता.

देवळामागच्या मांडवात आम्ही बायका भाजी चिरत होतो, खतखत्यासाठी. सुरण, कणगी, शेंगा, केळी. ढग खाली आलेले, वारा पडलेला, चुलींच्या धगीनं जीव नकोसा झालेला. आबा पहिल्या भाणापाशी आले. बाबलकाकांनी मिठाची टोपली धरली. आबांनी वाफ तोंडावर घेतली आणि मूठ सोडली. मग दुसरी. दर वर्षी हे बघायला सगळे थबकतात तसे याही वर्षी थबकले होते. आबांचा हात पुन्हा टोपलीत गेला, मूठ भरली, भाणावर आली, आणि तिथेच राहिली. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या भाणातलं ते स्वतः जेवणार होते, त्यांची बायकोही जेवणार होती. आणि पंगतीत एकानं जरी मीठ मागितलं असतं, तरी इतक्या वर्षांचं नाव गावासमोर गेलं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

त्यांनी मूठ परत टोपलीत रिकामी केली आणि हात झटकला.

"आनी एक मूठ?" बाबलकाकांनी विचारलं. रीतीप्रमाणे विचारलं.

"पुरे."

बाबलकाकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि टोपलीवर केळीचं पान झाकलं. चुलीपाशी असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. वाढपी पाण्याचे तांबे घेऊन बाहेर गेले, आणि मला वाटतं नैवेद्याच्या आधी ते 'पुरे' पंगतीत पोचलं असावं.

पहिली पंगत पुरुषांची बसली. हे जावई म्हणून वरच्या अंगाला. पानावर डावीकडे मिठाची चिमूट, मग लिंबू, मग कोशिंबीर, वरण, भात, खतखतं. आबा त्या वर्षी कडेनं फिरले नाहीत. खांबाला टेकून उभे राहिले, पंच्याचं टोक दोन्ही हातांनी धरून. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते आणि दुसरीकडेही बघू शकत नव्हते. पंगतीचा पहिला घास झाला. एक क्षण बोलणी थांबली. मग कुणीतरी भात मागितला, कुणीतरी पावसाचं काढलं, कुणीतरी राज्य झाल्यावर डिचोलीच्या खाणींच्या ट्रकांची धूळ कमी होणार काय असं विचारलं, आणि सगळे हसले. खतखतं दोनदा फिरलं. मीठ कुणी मागितलं नाही.

पानं उचलायला आम्ही बायका गेलो. वाकून पहिलं पान उचललं तर मिठाची चिमूट तशीच. दुसऱ्या पानावर तशीच. पोस्टमनच्या, पोदेराशी रोज भांडणाऱ्या दुकानदाराच्या, बाबलकाकांच्या. सबंध ओळीत पानांवर ते पांढरे ठिपके जसेच्या तसे. माझे हात पानांनी भरले होते आणि डोळे पुसायला मोकळं बोट नव्हतं. एकच पान असं निघालं ज्यावर मिठाचा खडाही उरला नव्हता, चाटूनपुसून साफ. ते आमच्या ह्यांचं. मूत्रपिंडाची चित्रं काढणाऱ्यांचं.

दुसऱ्या पंगतीत मी जेवले. आळणी होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच आळणी.

घरी येताना बांधावरून आबा पुढे, मी मागे. आई मागून बायकांबरोबर येत होती.

"आळणी झालेलां मां, बाये?" आबांनी मागे न बघता विचारलं.

"नाही आबा. बेताचं होतं."

"खोटां बोलतंस."

थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "सगळ्यांनी खाल्लां पण." पंचा खांद्यावरून काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि घर येईपर्यंत पुसतच राहिले.

मीठ झाकून झालं आणि मग पाऊस आला. राज्य झालं, रेडिओवर भाषणं झाली, हे आणि बाबलकाका पुन्हा सोप्यावर भांडले. आबांचा तो दुसरा झटका, डॉक्टर म्हणाले होते तो, पुढे पुष्कळ वर्षं आला नाही. मिठाचा मान त्यांच्याकडेच राहिला. आमच्या गावच्या समाराधनेचं खतखतं हल्लीही जरा फिकं असतं. बाहेरून आलेले पाहुणे मीठ मागतात. गावातलं कुणी मागत नाही, आणि कारण आता बऱ्याच जणांना ठाऊकही नसेल.

हे सगळं मला पाठ आहे. तरी सकाळी मी शेवेचं पाकीट हातात घेऊन ओरडले. माणूस काय काय बघतो आणि त्यातलं वेळेला काही हाताशी येत नाही. मुलगा रोज फोनवर मला सांगतो, आई चालायला जा, आई गोड कमी कर, आई आज गेलीस का? मी 'हो हो' म्हणते आणि फोन ठेवते. मला स्वतःला सांगितलेलं सोसत नाही, आणि दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्यांना काही झालं तर मी काय करीन, हा विचार आला की माझी जीभ सुटते. भीतीच असते ती. पण ऐकणाऱ्याला ती कशी कळणार, त्याला फक्त ओरडा ऐकू येतो.

मिठाची पिशवी घेऊन संध्याकाळी घरी पोचले तर हे सोप्यावर बसले होते. उन्हानं चेहरा लाल. शेवेचं पाकीट कुठे दिसत नव्हतं, मी विचारलंही नाही. ह्यांनी पिशवीत डोकावून बघितलं.

"पेडण्याला गेली होतीस?"

"हो."

एवढंच. मी आत गेले आणि आमटी टाकली. एरवी दोन टोप चढतात, ह्यांचा बिनमिठाचा, माझा मिठाचा. आज एकच चढवला. भाताची ताटं घेतली. आणि नव्या मिठातली एक चिमूट घेऊन ह्यांच्या ताटात डावीकडे वाढली, रीतीप्रमाणे, एक माझ्या ताटात. ह्यांनी त्या चिमटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भात कालवत होते.

दोन घास झाल्यावर ह्यांनी चमच्यानं माझ्या वाटीतली आमटी घेतली आणि चाखली.

"हिच्यातही मीठ नाही," हे म्हणाले.

"घालायला विसरले," मी म्हटलं.

ह्यांचा हात ताटावर थांबला. कळशी घेऊन पायरीवर उभे होते ना हे, त्या दिवशी, धोतर भिजवत. एवढे बोलणारे गृहस्थ, खाली मान घालून जेवत राहिले, आणि मीही.

जेवण झाल्यावर मी ताटं उचलली. ह्यांच्या ताटातली मिठाची चिमूट एका बाजूनं थोडी विस्कटली होती, बोट लागल्यासारखी. पण होती, सगळी.